भरल्या हाताचा भाव

"आता लावूनच टाकलंय ना, मॅडम," नितेश म्हणाला, आणि निखतच्या तोंडातल्या पेढ्याची चवच गेली.

तसं त्याने काही वावगं म्हटलं नव्हतं. आवाज मऊ होता. बडनेरा रोडवरच्या त्या शोरूममध्ये सगळंच मऊ होतं: पायाखालचा गालिचा, पांढरे सोफे, गार हवा, छतातून कुठूनतरी झिरपणारी बासरी. गाडीवरचं लाल साटीन नुकतंच ओढून झालं होतं. ओढताना निखतच्या नवऱ्याने, उजैरने, मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढला होता. तिच्या अम्मीने ओढणी सावरत गाडीच्या नाकावरून हात फिरवला होता, नव्या सुनेचं तोंड पाहताना फिरवतात तसा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर निखतचं नाव झळकत होतं, त्याखाली गुलाबी फुलं उमलत होती आणि मिटत होती. गाडीला झेंडूचा हार. पेढ्यांचा डबा. मग गाडी विकणाऱ्या नितेशने हातातली कागद अडकवलेली पाटी पुढे केली, फक्त एक सही राहिली म्हणाला, आणि त्या पाटीवर निखतला दिसलं ते असं: सीटची कव्हरं, पायाखालचे मॅट, चाकामागच्या रबरी झडपा, दारांवरची चमकती पट्टी, गाडीच्या अंगावर घालायची झूल, आणि रंगावर चढवलेला एक थर, जो डोळ्यांना दिसत नाही पण उन्हापावसात रंगाला जपतो. सगळ्याचा मिळून एक पॅक, बावीस हजार. त्यात न दिसणाऱ्या थराचा भाव सगळ्यात मोठा. हे मी कधी मागितलं, असं तिने विचारलं. तेव्हा तो ते बोलला. लावूनच टाकलंय.

शब्द कानावर पडले, पण उतरले ते मनगटात. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड आहे, बरोबर तिथे. कोणीतरी आपली चार बोटं एकत्र मिटवतंय, अंगठा आत दुमडतंय, आपला हात बारीक बारीक करत नेतंय, असं तिला वाटलं. तिने पेढा कसाबसा गिळला आणि मनगट ओढणीखाली घेतलं. ही रीत तिच्या ओळखीची होती. अचलपूरच्या त्यांच्या गल्लीत बांगड्या भरणाऱ्या मनियारांची घरं लागून लागून होती आणि सकाळी कोणत्याही दारात उभं राहिलं तरी आतून काचेचा आवाज यायचा, बारीक, जसं कोणी घरभर हळू हसतंय. अम्मी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची; निखत तिचं बोट धरून. रिद्धपूरच्या बाजूला जायची, पूर्णेकाठच्या गावांना जायची. कडुनिंबाखाली नाहीतर कोणाच्या ओसरीवर पेटी उतरली, की बायका भोवती जमायच्या आणि एखादी म्हातारी, दात नसलेल्या तोंडाने, आपल्या चालीवर सुरू करायची:

मन्यारीन आली बाई, ठेवा पाटावर पेटी
हिरव्या चुड्यासाठी लेकीसुनांची दाटी

आणि अम्मी हसत हसत एकेकीचा हात आपल्या हातात घ्यायची. एकदा घेतला की तो हात त्या बाईचा राहत नसे. निंदणीने, शेणाने, चुलीने राठ झालेले ते हात अम्मीच्या तळव्यात मेणासारखे व्हायचे. काकण हाडावर अडलं की बाई डोळे मिटून घ्यायची. अम्मी तिला तिच्या माहेरचं काही विचारायची, पाऊस कसा झाला, भावाचं लग्न जुळलं का. बाई सांगू लागायची आणि सांगता सांगता काकण पार. अम्मीच्या तोंडी 'फुटली' हा शब्द कधी आला नाही. बांगडी वाढवायची असते. कोणाचा नवरा मेला तरी चुडा वाढवला म्हणायचं. काचेच्या धंद्याची ती भाषा, जे गेलं त्याला वाढलं म्हणणारी. इथे, या गार हवेत, उलटी भाषा चालली होती. भाव वाढवला असं कोणी म्हणत नव्हतं. पॅक म्हणत होते.

आणि भाव तर कधीच झाला होता. त्यासाठी निखतने पावसाळा घालवला होता. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात, बियाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदात कापसाची सरकी गुंडाळून ठेवायची आणि किती उगवली, किती कुजली ते पाहायची. अमरावतीहून पहाटेची एसटी, मूर्तिजापूरला उजाडणं, रात्री उलट. शेवटी विद्यापीठाने राहायला एक खोली दिली. तिथे ती आठवडाभर राहायची, शनिवारी घरी यायची, आणि दर शनिवारी घर तिला थोडं आणखी परकं वाटायचं. मिठाचा डबा दुसऱ्या फळीवर गेलेला असायचा. अम्मी, जी आता त्यांच्याकडेच राहत होती, तिला पाहुण्यासारखं पाणी आणून द्यायची. एकदा पाण्याचा तो पेला हातात घेताना निखतला ठरवल्यासारखं कळलं, की गाडी घ्यायची, स्वतः चालवायची, रोज घरी यायचं. खोलीची किल्ली सोमवारी परत करते असं तिने लिहून दिलं होतं, आणि त्या खोलीवर दुसरीचं नावही चढलं होतं. सोमवारी सकाळी गाडी दारात नसेल तर निखतला ना अकोल्यात छप्पर होतं, ना रोज परतायला चाकं.

गाडी कुठली ते ठरलं होतं. कितीला, तेवढं राहिलं होतं. त्याच कंपनीची एक पेढी अकोल्यात, एक अमरावतीत, आणि दोघांचा मालक वेगळा. दुपारच्या सुटीत ती अकोल्याच्या शोरूममध्ये जायची, तिथला आकडा घेऊन शनिवारी इथे यायची. नितेश छातीला हात लावायचा. आकड्यांची त्याची एक गंमत होती, तो कधीच पूर्ण किंमत एकदम सांगायचा नाही. आधी गाडीची, मग विम्याची, मग नोंदणीची, मग सूट, मग त्या सुटीवरची सूट, जशी कोणी लहान मुलाला एकेक पायरी हात धरून उतरवतं. अकोल्याच्या पावतीचा फोटो पाहून तो गंभीर झाला, मॅनेजरशी भांडून येतो म्हणाला आणि काचेच्या खोलीत गेला. काच होती म्हणून निखतला आतलं दिसत होतं. भांडण काही नव्हतं. दोघांनी चहा घेतला, नितेशने मोबाइलवर काहीतरी दाखवलं, मॅनेजर हसला. मग नितेशने केसांतून हात फिरवला, चेहरा थकवला आणि बाहेर आला. "तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली, मॅडम," म्हणाला. निखतला राग आला नव्हता, उलट माया वाटली होती. खेळ होता, तो तिलाही येत होता. तीही उठून दारापर्यंत गेली, परत बोलावलं तेव्हा परत आली. शेवटी आकडा ठरला, वर एक रुपयाही नाही असं त्याने म्हटलं आणि तिने मान हलवली. भाव झाला की खेळ संपतो. मग दोन्ही बाजू मोकळ्या होतात, पाणी पितात, एकमेकांच्या लेकराबाळांची चौकशी करतात. तिला बाजार एवढाच माहीत होता, आणि तो तिला आवडत होता.

उजैर तिच्या कानाशी आला. इतवाऱ्यात त्याचं पंख्या-दिव्यांचं दुकान होतं आणि तो दिवसभर दुसऱ्यांशी घासाघीस करायचा, पण स्वतः गिऱ्हाईक झाला की त्याच्यातलं सगळं पाणी व्हायचं. घरात ते उर्दूत बोलत. चारचौघांत लाजला की उजैर वऱ्हाडीत शिरायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की माणूस साधा आहे, भांडायला आलेला नाही.

"देऊन टाक न, निखत," तो म्हणाला. "लोक पाहून राहिले."

लोक म्हणजे शेजारच्या गाडीपाशी उभे असलेले किसनराव आणि त्यांच्या घरची माणसं. चांदूर बाजारकडचे संत्र्याचे बागाईतदार. पांढरी टोपी, नवं धोतर, बायकोच्या नाकात मोठी नथ. त्यांची गाडी मोठी होती, अजून लाल साटीनखाली. त्यांची पाळी निखतच्या नंतर. किसनराव पाहत होते खरे, पण रागाने नाही. एसटीच्या खिडकीतून दुसऱ्याचं शेत पाहतात तसे. निखतला वाटलं आपण किती कंजूस दिसत असू. एवढी मोठी गाडी घेते आणि पायपुसण्यांवरून अडते. खरं सांगायचं तर दारावरची ती पट्टी तिला आवडलीही होती. साटीन ओढलं तेव्हा तिचं पहिलं लक्ष त्या पट्टीकडेच गेलं होतं, उन्हात तलावाच्या काठाची रेघ चमकते तशी ती चमकली होती, आणि छातीत काहीतरी उचंबळून आलं होतं. मागितली असती तर तिने पट्टीचे पैसे दिलेही असते. आधी विचारलं असतं तर. या 'आधी'पाशी ती पुन्हा पुन्हा येऊन थांबत होती, आणि तिथून पुढे जाताच येत नव्हतं, कारण पुढे एक गाव होतं.

गावाचं नाव आता तिला आठवत नव्हतं. नागपंचमीचा आदला दिवस, इतकं आठवत होतं, कारण बायका घाईत होत्या आणि तरीही विक्री झाली नव्हती. दुसरा कोणी मनियार सकाळीच येऊन गेला होता. ऊन उतरायला लागलं होतं, पेटी जड होती. दुर्गाबाई नावाची एक बाई आली, किडकिडीत, नुकतं धुणं आटोपून आलेली, पदर ओला. अम्मीने तिचा हात घेतला. किती गोड बोलली अम्मी तिच्याशी त्या दिवशी. आणि साध्या हिरव्या भरायच्या तर तिने पेटीच्या तळातल्या, सोनेरी नक्षीच्या काढल्या, कोपरापर्यंत दोन्ही हात भरले, मग भाव सांगितला. दुर्गाबाई हसली, तिला वाटलं मन्यारीनबाई थट्टा करते. अम्मीही हसली. "आता भरूनच टाकल्या न, बाई," म्हणाली. कोण सवाष्ण भरलेला चुडा सणाच्या तोंडावर उतरवणार? नवरा तिथेच होता, दारात, बैलाच्या दाव्याला पीळ घालत. तो पीळ घालत राहिला. दुर्गाबाई उठली, न्हाणीपाशी धुण्याचा दगड होता तिथे गेली, वाकली, आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटली. एकदा, मग पुन्हा. सासू आतून ओरडत आली, कुंकवाचा धनी जित्ता उभा हाय न पोरी, असं काही म्हणत. दुर्गाबाईने काचा पदरात वेचल्या, एकही मागे न ठेवता, आणि आणून अम्मीच्या पेटीत ओतल्या. "मले नाई परवडत," एवढंच म्हणाली, जसं कोणी भाजी नको म्हणतं. मनगटावर रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले होते, ते तिने ओल्या पदराने टिपले आणि ती धुणं वाळत घालायला गेली.

परतीच्या वाटेवर पेटीत काचा वाजत होत्या. त्या दिवसानंतर अम्मी भाव आधी सांगू लागली. कोणाच्या हाताला हात लावायच्याही आधी. बाई समोर बसली की आकडा. गल्लीतले बाकीचे मनियार हसायचे. असा धंदा होतो का? बाईचा हात हातात आला नाही तोवर ती निर्दयच असते, ऊठ म्हटलं की उठते. उठायच्याच बायका. अम्मीची पेटी दुसऱ्यांच्या पेटीपेक्षा नेहमी जड परत यायची. त्या दुपारबद्दल मायलेकी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. निखतने सोफ्याकडे पाहिलं. अम्मी कोल्ड कॉफीचा उंच ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती, ओठावर फेसाची रेघ, पायांत ईदच्या चपला. तिला आठवत असेल का? की म्हातारपणी माणूस आपल्याला हवं तेवढंच ठेवून घेतं?

मॅनेजर बाहेर आला. गळ्यात निळी पट्टी, तिला ओळखपत्र, त्यावर नाव: सहदेव. बोलणं पुण्याकडच्या वळणाचं, शिकून घेतलेलं, पण 'ळ'पाशी अजून अडखळणारं. आत बसून बोलूया म्हणाला. निखत म्हणाली इथेच बोलू. तिचा आवाज तिला स्वतःलाच उंच वाटला, म्हणून पुढचं तिने हळू विचारलं: ठरला तो आकडा हाच का? हो म्हणाला. मग हे काय? हे वेगळं, म्हणाला. प्रत्येकच गाडीला लावून येतं, ही पेढीची पद्धत आहे, आणि बरं का मॅडम, सगळेच घेतात. मग त्याने अर्धे कमी केले. खास तुमच्यासाठी. निखत गप्प राहिली तेव्हा सीटची कव्हरं भेट म्हणून दिली. ती तरीही गप्प, तेव्हा झूलही दिली. आकडा उतरत होता, पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीला उजैरचा चेहरा उजळत होता. निखतच्या लक्षात आलं की आपल्याला पुन्हा खेळात ओढतायत. आणखी थोडं थांबलं तर कदाचित काहीच उरणार नाही, सगळंच भेट होईल, आणि ती जिंकलेली बाई म्हणून बाहेर पडेल, गोड तोंडाने. आणि पुढच्या माणसाला पुन्हा बावीस. तिला ते नको होतं. काय हवं होतं ते मात्र तिला नीट शब्दांत धरता येत नव्हतं, सरकी कुजली की फुगली हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही तसं.

"मी भाव करायला नाही आले," ती म्हणाली. "भाव झालाय."

सहदेवचं हसू तिथेच राहिलं, पण त्यातून माणूस निघून गेला. मग त्याने शांतपणे सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये पॅक चढलेला आहे. तो काढायचा तर वरून परवानगी लागते, उद्या रविवार, पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर गाडी बाहेर काढायचा पास निघणार नाही. गाडी तुमचीच आहे, मॅडम, कुठे जात नाही. सोमवार. निखतच्या डोळ्यांसमोर अकोल्याची खोली आली, भिंतीवरचा खिळा, ज्यावर आता दुसरीची पिशवी लटकेल. पहाटेच्या एसटीचा थंड लोखंडी दांडा तळव्याला लागला. बावीस हजार देऊन हे सगळं मिटत होतं. अर्धेही नाही, आता तर त्याहून कमी. उजैरने खिशातून कार्ड काढलंसुद्धा होतं.

आणि तेवढ्यात अम्मी उठून आली. गालिच्यावर तिची पावलं वाजली नाहीत, म्हणून निखतला ती कळली ती हातावरून. अम्मीने तिचा हात आपल्या हातात घेतला होता. ती उर्दूत, इतरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलत होती: गाडीला हार चढलाय, बेटा, पेढे वाटून झालेत, आता नाही म्हणणं चांगलं दिसत नाही, सुखाच्या दिवशी एवढं सोडून द्यावं. बोलता बोलता तिचा अंगठा निखतच्या अंगठ्याच्या बुडाशी फिरत होता, हाडाला आत बसवत होता. तिलाही ते कळत नसेल. तीस-चाळीस वर्षं हातांनी केलेलं काम हात आपोआप करत होते. तळवा ऊबदार होता, कॉफीच्या ग्लासाने थोडा ओलसर. निखतला झोप यावी तसं वाटलं. डोळे मिटावे, अम्मीने काहीतरी विचारावं, आपण सांगत बसावं, आणि मग पार झालेलं असेल. तिचा हात खरोखर लहान होत होता. तिने तो पाहिला, अम्मीच्या दोन तळव्यांमध्ये, मिटलेल्या कळीसारखा, आणि तिला कळलं की अम्मीला सगळं आठवतं. आठवतं म्हणूनच ती भितेय. दगडापाशी जाणाऱ्या बाईची भीती ती बाई सोडून सगळ्यांना वाटते.

"अम्मी, हात सोड," ती म्हणाली.

अम्मीने सोडला. रागावून नाही, चटका बसल्यासारखा.

"काढा," निखत नितेशला म्हणाली. काय काढायचं, असं त्याने विचारलं. "जे जे लावलंत ते. सगळं. मी बसते इथे."

नितेशने सहदेवकडे पाहिलं. सहदेव म्हणाला, पट्टी चिकटवलेली आहे, काढली की डाग राहील, नव्या गाडीला डाग. निखत म्हणाली राहू द्या. तो म्हणाला, झडपांची भोकं दिसतील. दिसू द्या म्हणाली. मग त्याला वाटलं आता ही सापडली. तो किंचित पुढे झुकला आणि त्याने सांगितलं, की रंगावर चढवलेला थर मात्र निघत नाही, मॅडम, तो काही केल्या निघत नाही, त्याचं काय करायचं?

"तो तुमचा," निखत म्हणाली. "माझ्या गाडीवर राहू द्या. मी काही भाडं मागत नाही."

किसनराव मोठ्याने हसले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं, पण तिची नथही हलत होती.

मग जे झालं त्याला वेळ लागला. वर्कशॉपमधून सुगत नावाचा मिस्त्री आला, निळ्या डांगरीत, हात पुसत. त्याला काय करायचं ते सांगितल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री केली. त्याने हार काढला आणि कुठे ठेवावा ते न सुचून पेढ्यांच्या डब्यावर ठेवला. मॅट निघाले. सीटची कव्हरं निघाली, ताणून बसवली होती, निघताना प्रत्येक आकडा टचकन वाजला, आणि खालचं मूळ कापड दिसलं, करडं, साधं, शाळेच्या गणवेशाच्या रंगाचं. बासरी वाजतच होती. उजैर बाहेर जाऊन उभा राहिला, पाठ करून. निखत सोफ्याच्या कडेवर बसली होती, पर्स गुडघ्यांवर घेऊन. सुगतने पट्टीवर गरम हवा सोडली, सुरीच्या टोकाने कड उचलली, आणि पट्टी लांबच्या लांब सोलत आली. तिच्यामागे दोन्ही दारांवर डिंकाची एक मळकट रेघ उरली. बोळ्याने पुसली तर पसरली. निखतला रडू फुटेल असं वाटलं. आपलीच गाडी आपण विद्रूप करतोय, सुखाचा दिवस आपणच सोलतोय. आता थांबा म्हणता आलं असतं. कोणी हसलंही नसतं, उलट सगळे सुटल्यासारखे झाले असते. तिने दातांवर दात ठेवले आणि दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं. तिकडे पट्टीचा एक तुकडा राहिला होता.

वर पडद्यावरून तिचं नाव गेलं. कोणीतरी बटण दाबलं असेल. आता तिथे किसनरावांचं नाव होतं, तीच गुलाबी फुलं, तोच उमलण्याचा वेग. पण किसनराव पडद्याकडे पाहत नव्हते. त्यांनी आपल्या गाडीवरचं साटीन स्वतःच, कोणाची वाट न पाहता, एका कोपऱ्याने उचललं होतं आणि कमरेवर हात ठेवून वाकून चाकामागे पाहत होते.

"कारे बाप्पा," ते नितेशला म्हणाले, "आमच्या गाडीले काय काय लावून ठेवलं तुमी? अन् ते न दिसनारं आमाले बी लावलं का?"

नितेश हसला नाही. त्याने पुन्हा काचेच्या खोलीकडे पाहिलं. आत सहदेव कॉम्प्युटरपुढे बसला होता, आणि थोड्या वेळाने, वरची कोणाचीही परवानगी न येता, छपाईयंत्राने कागद बाहेर टाकला. गाडी बाहेर काढायचा पास. नितेशने तो आणून निखतच्या हातात दिला. त्याच्या बोटांनाही डिंक लागला होता. सुगतला हात द्यायला तो कधी वाकला ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सॉरी मॅडम, असं काही तो पुटपुटला. निखतला पुन्हा त्याची माया आली. पण ती काही बोलली नाही, कारण बोललं असतं तर त्याला वाटलं असतं मिटलं.

अम्मी पुढे बसली. करड्या कापडावर तिने एकदा हात फिरवला आणि मांडीवर घेतला. उजैर मागे बसला, हार मांडीवर घेऊन, वरातीतून चुकून दुसऱ्याच्या गाडीत आल्यासारखा. निखतने काच खाली केली, किल्ली फिरवली. शोरूमच्या दारापासून रस्त्यापर्यंत एक छोटा उतार होता. तोंडाशी शिट्टीवाला उभा, त्याने हात आडवा करून बडनेऱ्याकडून येणारी वाहनं थांबवली. सगळे काचेला येऊन उभे होते: सुगत, कॅशवाली मुलगी, किसनरावांची बायको. गाडी हलली, उतारावर आली, पुढची चाकं रस्त्याला टेकली, आणि तिथेच गचका खाऊन बंद पडली. अर्धी आत, अर्धी बाहेर. डिंकाची रेघ उन्हात सगळ्या रस्त्याला दिसत होती.

कोणीतरी हॉर्न दिला. मग दुसऱ्याने. नितेश धावत खिडकीशी आला. रस्त्यावर घेऊन देऊ का, म्हणाला, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर शिकवलेलं काहीच नव्हतं. निखतने मान हलवून नको म्हटलं. उजैरचा श्वास तिला मागे ऐकू येत होता. शिट्टी वाजत होती, थांबलेल्यांतला एक ट्रकवाला दार उघडून पायरीवर उभा राहिला होता, कोण अडलंय ते पाहायला. तो नीट पाहील इतका वेळ ती बसून राहिली. मग तिने गिअर मोकळा केला, क्लच शेवटपर्यंत दाबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.